वरीलपैकी सर्व

आमच्या घरात पुसायच्या कापडाला फडकंच म्हणायचं, हा नियम आहे. दुसरा शब्द सगळ्या जगाला माहीत आहे, पण त्या शब्दात माझ्या नवऱ्याचं नाव येतं, आणि नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सून आली तेव्हा तिलाही पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं. ममता कॉलेज शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ती हसली. मी म्हटलं, "हस खुशाल, पण सासऱ्याचं नाव तोंडातून निघालं नाही पाहिजे." तेव्हापासून ती मला आत्या म्हणते, त्यांना नाना म्हणते आणि फडक्याला फडकं म्हणते. तेव्हा मीही इथे नानाच लिहिते.

आम्ही मूळचे शिंदखेड्याच्या बाजूचे. सिल्वासात माझे केस पांढरे झाले. डोकमर्डीत दोन खोल्या आहेत. मुलगा समाधान दादऱ्याला प्लास्टिकच्या कंपनीत जातो आणि नाना सामरवरणीच्या बाजूला धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहेत. मशीनवर, हे मी मुद्दाम सांगते. कंपनीत दोन जाती असतात, मशीनवरचे आणि हेल्पर. मशीनवरच्याच्या नावापुढे भाई लावतात. हेल्पर भरलेल्या बॉबिनींची ट्रॉली ढकलतो आणि त्याला 'ए' म्हणून हाक मारतात. नानांनी पहिली काही वर्षं तो 'ए' ऐकलेला आहे. शिवाय त्यांचा उजवा गुडघा मोटरसायकलवरून पडल्यापासून कामातून गेलाय. मशीनपुढे उभं राहणं जमतं, ट्रॉली ढकलणं जमणार नाही. हे त्यांना माहीत, मला माहीत, आणि डॉक्टरने फोटो काढून पुन्हा सांगितलेलं.

तर दिवाळीनंतर कंपनीत नवीन फर्मान निघालं. मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाने कॉम्प्युटरवर सुरक्षेची परीक्षा द्यायची. पास झाला तर खात्याच्या दाराला कार्ड टेकवल्यावर हिरवा दिवा. नापास झाला तर लाल, दार उघडायचं नाही, आणि पुढची परीक्षा येईपर्यंत हेल्पर. आयुष्यभर मशीन चालवलेलं असो की कालच आलेला असो.

आणि ही परीक्षा घेणार कोण? एक ट्रेनिंगवाली कंपनी, मोठं ऑफिस मुंबईला, छोटं ऑफिस इथे. आणि या छोट्या ऑफिसात बसून प्रश्न करणार कोण? माझी सून.

आपलं माणूस ज्या कंपनीत कामाला असेल तिचा पेपर आपण करायचा नाही, असं तिथे आहे म्हणे. पण ममताला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिची सगळी कागदं अजून माहेरच्या नावाची, ममता सोनवणे. कोणाला कशावरून कळणार? नोकरी कच्ची, अजून पक्कं केलेलं नाही. आलेलं काम नको म्हणायची तिची छाती झाली नाही. मला विचारलं असतं तर मीही कर म्हणाले असते. पेपर काय, प्रसाद आहे का घरच्यांना वाटायला? आमच्या घरात तशी माणसं नाहीत.

ती लॅपटॉप घेऊन ओट्याजवळ बसायची, कारण नेट तिथेच धरतं. तिने झाकण उघडलं की नाना चपला शोधायला लागायचे.

"कुठे निघालात?"

"बाहेर बसतो जरा. पेपर फुटायचा."

"तुम्ही काय चोर आहात का?"

"चोर नाही म्हणून तर बाहेर बसतो," असं म्हणून ते लंगडत नाक्यावरच्या चहाच्या टपरीकडे जायचे. डास चावून घ्यायचे आणि ममताने झाकण मिटल्याचा निरोप समाधानच्या फोनवरून गेल्यावरच परत यायचे. आठवडाभर हे चाललं. समाधान म्हणायचा, "आई, नाना बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखे वागतात." वागू दे म्हटलं. त्यांना कोणी आयुष्यात परीक्षेला बसवलंच नव्हतं.

प्रश्न कसा करतात ते मी बघून बघून शिकले. आधी प्रश्नाची जात निवडायची. मग एक लांब चौकोन येतो, त्यात प्रश्न लिहायचा. खाली चार छोटे चौकोन, त्यात चार उत्तरं. खरं उत्तर असेल त्याच्यापुढे गोल ठिपका द्यायचा. मग सेव्ह. सेव्ह दाबलं की पडद्याच्या मधोमध चाक फिरायला लागतं आणि ममता श्वास धरून बसते. कधी चाक थांबतं आणि प्रश्न आत जातो. कधी चाक फिरता फिरता पुन्हा पासवर्ड मागतं आणि लिहिलेलं सगळं गायब. एक प्रश्न मराठीत, तोच हिंदीत, तोच गुजरातीत. पोरीची मान आखडून जायची. मी भाकरी थापता थापता त्या लॅपटॉपला शिव्या सोडून सगळं म्हणायचे. एका प्रश्नात तेलकट कापड मशीनजवळ ठेवू नये असं होतं. तिथे तिने माझ्याकडे तिरकं बघत 'तेलकट फडकी' लिहिलं. मला बरं वाटलं.

"आत्या, खरं उत्तर लिहिणं सोपं आहे," एकदा ती म्हणाली. "जीव जातो तो खोटी तीन लिहिताना. खोटी पण खऱ्यासारखी दिसली पाहिजेत."

"माझ्या दोन जावा आहेत शिंदखेड्याला. त्यांना फोन लावू का? दोघींचा हातखंडा आहे त्यात."

ती हसली आणि पुढचा प्रश्न वाचला. "चालू मशीनच्या रोलरला धागा गुंडाळला तर तुम्ही काय कराल? एक, मशीन बंद करीन. दोन, बंद मशीनवर पाटी लावीन. तीन, सुपरवायजरला बोलावीन. आता यातलं खरं कुठलं ठेवू?"

मी हात धुतले. हा प्रश्न मला येत होता. रोज ताटावर बसून नानांनी दुसरं काय सांगितलंय मला? संजू नावाचा पोरगा होता त्यांच्या खात्यात. त्याने मशीन बंद केली, पण पाटी लावली नाही. दुसऱ्याने येऊन चालू केली. संजू आता डाव्या हाताने जेवतो.

"तिन्ही खरी," मी म्हटलं. "एक करून दोन सोडली तर बोटं जातात."

"ठिपका एकालाच देता येतो आत्या."

"मग चौथ्या चौकोनात लिही, वरचं सगळं. आणि ठिपका त्याला दे."

ममता माझ्याकडे बघतच राहिली. "हो की! आमच्या शाळेच्या पेपरात असायचं. वरीलपैकी सर्व." तिने टपाटप लिहिलं, ठिपका दिला. चाक फिरलं आणि माझा प्रश्न आत गेला. दुसरी पास बाईचा प्रश्न कंपनीच्या परीक्षेत! मी तव्यावरची भाकरी करपवली त्या दिवशी, पण कोणी काही बोललं नाही.

खाली अजून एक बारका चौकोन होता, त्यात आधीपासूनच खूण केलेली. हे काय, म्हणून मी विचारलं.

"पर्याय फिरवा. म्हणजे प्रत्येकाला उत्तरं वेगवेगळ्या जागी दिसतात. शेजारच्याचं बघून दाबता येत नाही. ते मुंबईहून लावलेलं आहे, आपल्याला काढता येत नाही."

"कशाला काढायचं? चांगलं आहे. तो बारकू आमच्या यांच्याशेजारी बसून सगळं उतरवून घेईल नाहीतर."

बारकू आमच्या बाजूच्या खोलीतला. तोही नानांच्याच खात्यात. त्याची बायको कावेरी नळावर माझ्यापुढे हंडा लावते, म्हणून तिला मी दुसऱ्याच दिवशी ऐकवलं.

"परीक्षेत एक प्रश्न माझा आहे."

"तुझा? खोटं नको बोलू केसरबाई."

"विचार माझ्या सुनेला."

"कुठला गं? सांग ना. आमच्या यांना चार अक्षरं जोडता येत नाहीत, घाबरून मरतायत."

"सांगितला तर पेपर फुटेल," असं म्हणून मी हंडा उचलला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नानांनी परीक्षेसाठी नवा चष्मा केला. जुन्या चष्म्याने त्यांचं काम चालत होतं, पण कॉम्प्युटरची अक्षरं वेगळी असतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ते रोज संध्याकाळी चष्मा लावून दुकानांच्या पाट्या वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचे, समाधानच्या फोनमध्ये आलेल्या जाहिराती मोठ्याने वाचायचे. चौथीपर्यंतचं वाचणं होतं त्यांचं. ते झाडून पुसून काढत होते. बोट ठेवून वाचतात ते. पण वाचतात पूर्ण. शेवटच्या अक्षरापर्यंत.

आदल्या दिवशी मला राहवलं नाही. ते अंगणात दाढी करत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अहो, ऐका, रोलरला धागा गुंडाळला ना..."

त्यांनी साबणाच्या हातांनीच दोन्ही कान झाकले. "केसर, गप. पोरीची नोकरी आहे."

"मी फक्त..."

"गप म्हटलं ना. मला येतं ते काम. मला काय कोणी शिकवायचं?"

मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बसले, आणि मनात म्हटलं की यांना काय येत नाही. हा प्रश्न तर यांच्याच तोंडचा आहे. माझ्या कानातून ममताच्या बोटात आणि तिथून त्या डब्यात गेलेला.

परीक्षा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होती. नाना इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी शेवेची भाजी केली, झणझणीत, त्यांना आवडते तशी. ते आले तेव्हा चपला काढून त्यांनी एकीला एक लावून सरळ ठेवल्या. असं ते कधीच करत नाहीत. मला तिथेच कळलं.

"एका प्रश्नाने राहिलं," ते म्हणाले आणि चष्मा काढून डबीत ठेवला. "वाढ."

मी वाढलं. त्यांनी खाल्लं. भाजी तिखट झालीय म्हणाले नाहीत, चांगली झालीय म्हणाले नाहीत. बाजूच्या खोलीतून बारकूचा आवाज येत होता. तो पास झाला होता आणि कावेरीला मोठ्याने सांगत होता, "मी वाचलंच नाही गं. सगळ्यात वरचं दाबत गेलो, बघ!"

ममता ऑफिसातून आली तेव्हा तिला लाल निशाणी आधीच दिसली होती, तिकडच्या कॉम्प्युटरवर. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती नानांपुढे जमिनीवर बसली.

"नाना, कुठला गेला?"

"बरेच गेले असतील. मला काय माहीत." मग म्हणाले, "एक जरा फसवा होता. रोलरचा. त्यात सगळ्यात वर लिहिलेलं, वरीलपैकी सर्व. मी वर बघितलं. वर काहीच नाही, नुसता प्रश्न. दोनदा बघितलं. म्हटलं, परीक्षेत फसवतात म्हणतात ते हेच. मग खाली मशीन बंद करीन होतं, ते दाबलं. पहिलं काम तेच ना?"

ममताने तोंडावर हात ठेवला. पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडला आणि त्या बारक्या चौकोनातल्या खुणेकडे बघत बसली. मला समजायला जरा वेळ लागला. उत्तरं फिरली होती. जे मी चौथ्या चौकोनात लिहायला सांगितलं ते चाकाने उचलून माझ्या नवऱ्यापुढे सगळ्यात वर नेऊन ठेवलं, आणि नवरा माझा, वाचल्याशिवाय काही दाबत नाही.

"मी एकदा उघडून बघितलं होतं नाना," ममता म्हणाली. "तेव्हा ते शेवटीच आलं होतं. मला वाटलं..."

"तुला वाटलं!" मी सुरू झाले. "त्या डब्याला अक्कल नाही, तुला तरी आहे ना? खाली लिहिलेलं वर गेलं तर त्याचा अर्थ राहतो का?"

"केसर, पोरीला एक शब्द बोलायचा नाही." नानांनी आवाज चढवला नाही, पण बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो प्रश्न तुझा होता होय?"

मी मान हलवली.

"चांगला होता," ते म्हणाले. आणि हात धुवायला उठले.

मला कोणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी खात्याच्या दाराला कार्ड टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. लाल. मागे माणसं उभी होती म्हणून ते बाजूला झाले. सदाशिव सुपरवायजर आपल्याकडचाच, धुळ्याचा, नानांच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "नाना, माझ्या हातात असतं तर मी माझं कार्ड टेकवून तुम्हाला आत घेतलं असतं. पण सिस्टममध्ये लाल आहे तर लाल आहे. ट्रेनिंगवाल्यांना विचारा." त्याच्या वरच्या साहेबाने हेच हिंदीत सांगितलं. नाना ट्रॉलीवर गेले.

संध्याकाळी ममता म्हणाली, "आत्या, मी पल्लवी मॅडमना फोन करते. मुंबईच्या. त्यांच्या हातात सगळं असतं. माझी चूक आहे, मी सांगते."

समाधान म्हणाला, "तुझी नोकरी कच्ची आहे ममता."

"म्हणून काय नाना ट्रॉली ढकलणार?"

मी म्हटलं, "कर फोन. आणि मला ऐकू येईल असा कर."

नाना अजून आले नव्हते. तिने फोन ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडची बाई चांगली होती बोलायला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी मला बोलता येतं.

"अगं ममता, फिरवायचे पर्याय असतील तर वरीलपैकी असं लिहायचंच नसतं. सांगितलं होतं ना पहिल्याच दिवशी?"

"हो मॅडम. माझ्याकडून राहिलं."

"बरं, होतं असं. पुढच्या वेळी 'ही तिन्ही कामं करीन' असं लिही. किती जणांना ते वर आलं?"

"दोघांना."

"आणि दोघांचं चुकलं?"

"नाही. एकाने बरोबर दाबलं."

"मग म्हणजे दाबता येत होतं."

"त्याने वाचलंच नव्हतं मॅडम. तो सगळीकडे वरचंच दाबत गेला."

"ते तुला कसं माहीत?"

ओट्यावर दूध तापत होतं. मी गॅस बंद केला. पलीकडची बाई म्हणाली, "ठीक आहे, ज्यांचं चुकलं त्यांचं नाव सांग, मी बघते."

ममताने नानांच्या कार्डाचा नंबर सांगितला.

"नंबर नको, नाव सांग. नंबर चुकतात."

ममताने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. सासू समोर उभी. इतकी वर्षं जे मी तिच्या जिभेला शिकवलं होतं ते नेमकं तिथे येऊन बसलं. पलीकडून "हॅलो? ममता?" झालं. पुन्हा "हॅलो?" झालं.

मी म्हटलं, "घे नाव."

"आत्या..."

"घे म्हणते ना. मी सांगते, घे."

"चिंधा," ती म्हणाली. "चिंधा मोतीराम बोरसे."

माझ्या घरात, माझ्या ओट्याजवळ ते नाव असं उघडं पडलं. पलीकडे बटणांची टकटक झाली, आणि मग टकटक थांबली.

"ममता, तुझ्याजवळ कोण आहे? आणि नाव घ्यायला एवढा वेळ का लागला? हे तुझे कोणी लागतात का?"

ममता खोटं बोलू शकली असती. खऱ्यासारखं दिसणारं खोटं लिहायचं कामच होतं तिचं. पण ती म्हणाली, "सासरे आहेत."

ती बाई हळू आवाजात म्हणाली, "हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. आता मी काय करू? तुझ्याच पेपरात, तुझ्याच सासऱ्यांचा, तूच म्हणतेस म्हणून एक प्रश्न मी बरोबर करून दिला तर ते काय दिसेल? उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

मी फोन उचलला. "ताई, मी सासू बोलते. केसरबाई."

"बोला काकू."

"आम्ही चोरी केलेली नाही. चोरी करायची असती तर हा माणूस आठवडाभर डासांत जाऊन बसला नसता. त्याने कान झाकून घेतले माझ्यापुढे. त्याने वाचलं, एवढंच त्याचं चुकलं. ज्याने वाचलं नाही तो पास आणि ज्याने वाचलं तो नापास, ही कुठली तुमची परीक्षा? तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या हातात आहे, ते एक बटण दाबा आणि लाल आहे ते हिरवं करा. ममताला काय बोलायचं ते बोला. मला बोला. प्रश्न माझा आहे."

मी आयुष्यात इतकं हळू कोणाशी बोललेले नाही. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही.

"काकू, मला पटतंय तुमचं. खरंच. पण माझ्याकडे ते बटणच नाही. एकदा निकाल लागला की पेपरला कुलूप लागतं. ते कुलूप कंपनीने मागितलं तरच निघतं."

"कंपनी म्हणते ट्रेनिंगवाल्यांना विचारा."

"हो," ती म्हणाली. "ते तसंच म्हणतात."

ज्याच्यावर चिडावं असं कोणी पुढे येतच नव्हतं. सदाशिव चांगला, ही बाई चांगली, सून चांगली. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ममताला दिला. मला तो बंद कुठे करतात तेही नीट कळत नाही.

ममताची नोकरी गेली नाही. पण तिला धाग्याच्या कंपनीचं काम काढून घेतलं आणि तिचं पक्कं व्हायचं होतं ते पुढे ढकललं. ते काम हातचं जायच्या आधी तिने तो प्रश्न पुढच्या पेपरासाठी नीट करून ठेवला, 'ही तिन्ही कामं करीन'. आता तो कुठेही फिरला तरी चालतो. पुढच्या वेळी ज्यांना येईल त्यांना येईल.

नानांनी एवढंच विचारलं, "मॅडम पोरीला काही बोलल्या का?" नाही म्हटलं. त्यांना बरं वाटलं असावं.

ट्रॉलीचं चाक एका बाजूला ओढतं, म्हणतात ते. ओढतं त्या बाजूचा गुडघा नेमका दुखरा आहे. घरी आले की मी मिठाच्या पाण्याने शेकते. आधी नको म्हणायचे, आता पाय पुढे करतात. एकदा शेकता शेकता मी विचारलं, "तिथे काय म्हणून हाक मारतात?" ते म्हणाले, "पाणी गार झालं, बदल." मी बदललं. बारकू आता मशीनवर आहे, नानांच्याच. येता जाता नमस्कार करतो. त्याचा काय दोष? कावेरी नळावर मला आधी हंडा लावू देते हल्ली. ते मला सहन होत नाही, पण लावते.

पुढची परीक्षा जवळ आली तशी कंपनीने फोनवर सरावाचे प्रश्न पाठवले. समाधानने वडिलांना उघडून दिले. ममता ओट्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली होती, कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीचा पेपर, बाटल्यांच्या. तिने झाकण उघडलं आणि सवयीने नानांच्या चपलांकडे बघितलं. नाना जागचे हलले नाहीत. भिंतीला टेकून, पाय लांब करून, फोन मांडीवर ठेवून बसलेले.

ममताने लॅपटॉप जरा फिरवला.

"कर पोरी तुझं काम," ते म्हणाले. "मी काही ऐकत नाही."

ती लिहीत होती. थोड्या वेळाने सवयीने तिने मला विचारलं, "आत्या, चौथा पर्याय काय देऊ?"

मी लसूण सोलत होते. मला सुचत होतं, लगेच सुचलं होतं. मी म्हटलं, "मला नको विचारू."

मग मी नानांकडे बघितलं. त्यांचा चष्मा डबीत होता आणि डबी खिडकीत. फोन त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला होता, वाचायचा नसल्यासारखा. अंगठा सगळ्यात वरच्या उत्तरावर टेकवायचे. पडद्यावर काहीतरी लाल किंवा हिरवं व्हायचं, तेही बघायचे नाहीत, पुढचा प्रश्न आला की पुन्हा वरचं.

"अहो, वाचा तरी," मी म्हटलं.

"वाचलं की," ते म्हणाले आणि अंगठा टेकवला.

मी उठून डबी आणली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला. शेजारी जमिनीवर ठेवला, काचा वर करून, आणि पुढचं दाबलं.